गंगेच्या वाळूत मोजलेला आवाज

आमच्या प्रोफेसरांच्या पहिल्याच पेपरात शेवटचा प्रश्न असा होता: ‘ज्या हॉलमध्ये तुम्ही बसला आहात, त्यातल्या हवेचं वजन तुमच्यापेक्षा कमी की जास्त? लागणारी मापं स्वतः घ्या.’

पेपर उर्दूत. निजामाच्या मुलखात आमचं शाळेपासूनचं शिक्षण उर्दूत झालेलं आणि हैदराबादच्या विद्यापीठातही सगळं उर्दूतच. भौतिकशास्त्राला तिथं तबीइयात म्हणत. प्रश्न दोनदा वाचला तरी शेवटच्या ओळीवर विश्वास बसेना. परीक्षेत जागेवरून उठायचं? तेवढ्यात ताडकळसचा माझा मित्र उठला आणि सरळ भिंतीकडं चालू लागला. टाच-पंजा, टाच-पंजा करत पावलं मोजायलाच लागला. पाठोपाठ मी उठलो, मग सगळा वर्ग. देखरेखीवरचे मौलवीसाहेब हात पसरून ओरडायले, “बैठो! बैठो!” आणि दारात उभे राहून आमचे प्रोफेसर पोट धरून हसायले. उंची कशी काढायची, म्हणून एकानं दुसऱ्याला भिंतीशी उभं केलं आणि असे किती जण एकावर एक उभे राहिले तर छत लागेल, याचा अंदाज बांधला. हिशेब केला तर हवेचं वजन चाळीस मणांच्या वर निघालं. चाळीस मण! मी हिशेब तीनदा केला. बाहेर आलो तर सगळे व्हरांड्यात एकमेकांना थांबवून विचारत होते, “तुझे किती मण?”

प्रोफेसर वयानं पंचेचाळिशीचे असतील. काळी शेरवानी, टोपी थोडी मागं सरकलेली, बाह्यांवर खडूची पूड. वर्गात पुस्तक कधी उघडत नसत. एकदा एका सारंगीवाल्याकडून त्याचा सारंगी वाजवायचा गज मागून आणला. पितळेचा पत्रा मधोमध खुंटीवर बसवला, त्यावर बारीक वाळू पसरली आणि पत्र्याच्या काठावरून गज ओढला. पत्रा किंचाळला. वाळू उड्या मारायला लागली आणि बघता बघता तिच्या चांदणीसारख्या रेषा उमटल्या. आम्ही बाकांवर चढून पाहत होतो. ते म्हणाले, “मियाँ, आवाज ऐकता, तसा बघायलाही शिका.” मी गंगाखेडच्या कापडवाल्याचा मुलगा, त्या दिवशी मला वाटलं, आपण घरी जाऊन काय सांगणार? सांगितलं तर कोण खरं मानणार?

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेआधीच वसतिगृहात देवीची साथ आली आणि विद्यापीठ बंद झालं. सामान बांधायला एक दिवस मिळाला. प्रोफेसर फाटकापाशी उभे राहून एकेकाला गाठत होते. वीस गुण त्यांच्या हातात होते, ते घरच्या प्रयोगावर देणार होते. “विद्यापीठातलं एकही यंत्र न्यायचं नाही. घरात, शेतात, बाजारात जे सापडेल त्यानं काहीतरी मोजा. काय मोजलं, कसं मोजलं, लिहून ठेवा.” मला म्हणाले, “तुमच्या गावाला नदी आहे ना? मग काय कमी आहे?”

ते बोलणं मी गाडीत मनमाडच्या बाजूला तोंड करून बसलो तेव्हाही कानात वाजत होतं. परभणीला गाडी बदलून गंगाखेडला उतरलो. दोन दिवस नुसता नदीवर फिरलो. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. चैत्र संपत आला होता, पाणी एका कडेला गेलं होतं आणि बाकी सगळी वाळू. घाटाच्या खालच्या अंगाला एक परटीण धुणं आपटत होती. मी लांब वाळूत उभा राहून तिच्याकडं पाहत होतो. कपडा दगडावर आपटला, आणि आवाज जरा वेळानं आला. पुन्हा आपटला, पुन्हा मागून आवाज. लहानपणापासून हे पाहत आलो होतो. पण त्या सकाळी माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. हा जो मधला वेळ आहे, तोच तर आवाजाचा प्रवास!

मी पळत सुटलो. तिच्या दगडापाशी गेलो तर दिसणं आणि ऐकणं एकदमच. उलटा चालत निघालो. आवाज मागं पडत गेला. आणखी मागं गेलो तर कपडा डोक्यावर उचललेला दिसे, तेव्हा आवाज येई. आणखी मागं, आणखी मागं, आणि एका जागी दोन्ही पुन्हा एक झाले! कपडा दगडावर पडलेला दिसतो, त्याच क्षणी आवाज. पण तो आवाज ह्या आपटण्याचा नव्हता, आधीच्या आपटण्याचा होता. म्हणजे दोन आपटण्यांमध्ये जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आवाज तिच्यापासून माझ्यापर्यंत येतो. वेळ मोजायचा, अंतर मोजायचं, की आवाजाचा वेग हातात!

वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. दोऱ्याला दगड बांधून लंबक केला. साधारण एकोणचाळीस इंच दोरा ठेवला की एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला दगडाला बरोबर एक सेकंद लागतो, हे पाठ होतं. अंतरासाठी दुकानातला कापड मापायचा तीन फुटी लोखंडी गज घेतला आणि त्यानं एक लांब सुतळी मापून तिला गाठी मारल्या.

बाबा गल्ल्यावरून म्हणाले, “गज कुठं न्यायलाय?”

“गंगेवर.”

“गंगेला कापड मापून द्यायलाय का?”

परटीणमावशीला काय सांगावं, हे मला कळेना. शेवटी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, “मावशी, तुमी जसं आपटता तसंच आपटत राहा. थांबू नका आणि घाई करू नका. मला मोजायचंय.”

“माझं धुणं मोजायलाय? कुणी सांगितलं, तुझ्या बापानं?”

“न्हाई हो. तुमचा आवाज किती पळतो ते मोजायलोय.”

तिनं कमरेवर हात ठेवले. “हैदराबादला हेच शिकवायलेत व्हय?” पण आपटायला लागली. आणि काय तिचा ताल! पन्नास आपटण्यांना माझ्या लंबकाचे साठ झोके. दुसऱ्या दिवशी मोजलं, साठच. मागूनही मिळालं नसतं असं यंत्र.

पाच सकाळी मी अंतर मापलं. ४६१ गज, ४७०, ४५८, ४६६, ४६३. सरासरी ४६४ धरली. हिशेब मांडला, आवाज सेकंदाला ११६० फूट पळतो. मी पुस्तक उघडलं. पुस्तकात होतं १०९०.

सत्तर फुटांचा फरक. कुठं चुकलं? सुतळी ताणली गेली? वाळूत पाऊल रुततं म्हणून? पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. पुस्तक चुकणार नाही, चुकलो मीच. आणि मग मी ते केलं. नव्या वहीत स्वच्छ तक्ता आखला आणि आकडे लिहिले: ४३७, ४३५, ४३६, ४३८, ४३४. सरासरी ४३६. वेग बरोबर १०९०. एवढा सुबक तक्ता मी त्याआधी कधी काढला नव्हता.

चार दिवसांनी उर्दूत लिहिलेलं कार्ड आलं. प्रोफेसरांचे मेहुणे परभणीला सरकारी नोकरीत होते आणि उन्हाळ्यात प्रोफेसर तिथं येत. लिहिलं होतं: ‘उद्या सकाळच्या गाडीनं गंगाखेडला येतो. तुमची नदी दाखवा.’

घरात एकच धावपळ उडाली. विद्यापीठाचा प्रोफेसर आपल्या घरी! बाबांनी दुकानासमोर पाणी शिंपडलं, बैठकीवर नवी चादर घातली. आईनं धपाट्यांचं पीठ मळलं. मी स्टेशनावर गाडीच्या तासभर आधी जाऊन उभा. गाडी थांबली आणि डब्यातून आधी उतरला तो माझा ताडकळसचा मित्र, हातात प्रोफेसरांची छत्री. आदल्या दिवशी प्रोफेसर छकड्यातून ताडकळसला जाऊन त्याची परीक्षा घेऊन आले होते आणि त्याला बरोबरच घेऊन आले.

चालता चालता मी त्याला हळूच विचारलं, “तू काय मोजलंस?”

“विहीर. दगड टाकला, पाण्यात पडेपर्यंतचा वेळ मोजला अन् त्यावरून खोली काढली. मग दोरी सोडून बघितली. दोन्हीत सात फुटांचा फरक.”

“मग?”

“मग काय, दोन्ही लिहून टाकले. खाली लिहिलं, फरक का पडला ते मला कळलं न्हाई.”

मला त्याची दया आली. माझ्या वहीतला १०९० मला त्या घडीला फार गोजिरवाणा वाटला.

दुकानाच्या बैठकीवर प्रोफेसर बसले. आईनं धपाटे आणि दही पत्रावळीवर पाठवलं. आम्ही लिंगायत; घरात गळ्यात लिंग असलेल्यांचीच पंगत बसत असे. पाहुण्याला बाहेर वाढायची रीत होती. मला त्या दिवशी ती रीत पहिल्यांदा टोचली. प्रोफेसरांनी मात्र दोन धपाटे चवीनं खाल्ले, तिसरा मागितला आणि बाबांना म्हणाले, “आपके साहबज़ादे सवाल बहुत करते हैं.” बाबांना ती तक्रार वाटली. त्यांनी हात जोडले. “आता न्हाई करणार, साहेब.” प्रोफेसर एवढे हसले की शेजारचा किराणावाला डोकावून गेला.

मग त्यांनी वही उघडली. तक्ता पाहिला. बोट एकेका आकड्यावरून खाली आणलं.

“वाह. किताब से एक फुट इधर नहीं, एक फुट उधर नहीं.” ते माझ्याकडं बघून गोड हसले. “बर्फ कहाँ से मँगवाई, मियाँ?”

मला काही समजलं नाही. “बर्फ, साहेब?”

“पुस्तकातला वेग बर्फाइतक्या गार हवेतला आहे. तुमची गंगा गोठली होती का?”

मित्र खाली बघायला लागला. प्रोफेसर आवाज न चढवता बोलत होते. “हवा तापली की आवाज जोरात पळतो. डिसेंबरच्या पेपरात हे मी विचारलं होतं. तुम्ही बिनचूक उत्तर लिहिलं होतं. गरम हवेत प्रत्येक अंशाला किती फूट वाढतो, तेसुद्धा लिहिलं होतं.”

खरंच लिहिलं होतं. डोळ्यांपुढं ते पान उभं राहिलं. पण पेपरातली ती गरम हवा आणि ज्या वाळूत माझे तळवे पोळत होते तिच्यावरची हवा, या दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं! कानशिलं तापली. लाज तर वाटतच होती. पण त्या लाजेखालून दुसरंच काहीतरी उसळून वर यायला लागलं. सत्तर फूट! तो फरक चूक नव्हताच की काय?

“साहेब, हे आकडे खोटे आहेत,” मी म्हणालो. “मला मिळालेले दुसरे होते. ११६० येत होते.”

त्यांनी वही खाडकन मिटली आणि उठून उभे राहिले. डोळे लकाकत होते. “११६०? ये आपने किस कान से सुना? चलिए, हमें भी सुनाइए!”

आम्ही तिघं भर उन्हात घाटाकडं निघालो. सकाळचे दहा वाजून गेले होते. पुढं प्रोफेसर, शेरवानीची बटणं उघडी. मागं मित्र सुतळीचं गुंडाळं खांद्यावर घेऊन. आणि मी गज घेऊन. मावशी धुणं वाळत घालत होती. मी जाऊन म्हणालो, “मावशी, हे आमचे प्रोफेसर. तुमचं आपटणं बघायला हैदराबादहून आलेत.”

“अगं बाई!” तिनं पदर सावरला. “कपडे तर सगळे धुवून झालेत रे.”

प्रोफेसरांनी क्षणभरही विचार न करता शेरवानी उतरवली, आत गळ्याभोवती उपरणं होतं ते तिच्यापुढं धरलं. “अम्मा, ये धो दीजिए.”

उपरणं स्वच्छ होतं. मावशीनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “येडे झालेत का सगळे?” पण पाण्यात बुचकळून दगडाकडं गेली.

प्रोफेसरांनी शेरवानीच्या खिशातून एक पत्र्याची नळी काढली, तिच्यात थर्मामीटर होता. छत्रीच्या सावलीत तो धरून ते पाच मिनिटं उभे राहिले. सत्त्याण्णव अंश फॅरनहाइट. खिशातलं घड्याळ काढून त्यांनी मावशीचे पन्नास ठोके मोजले. साठ सेकंद. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, पुन्हा पन्नास मोजले. साठ! “या अम्मा आमच्या प्रयोगशाळेत पाहिजेत,” ते म्हणाले.

मग आम्ही वाळूतून मागं मागं निघालो. ठरलं होतं असं: जागा सापडली की प्रोफेसर छत्री खाली करतील, म्हणजे मावशीनं हात थांबवायचा. चारशे गज झाले. आवाज अजून थोडा आधी येत होता. चारशे चाळीस. प्रोफेसर दर दोन पावलांना थांबत, डोळे बारीक करत, मान तिरकी करत. बूट वाळूनं भरले होते. “अभी नहीं… अभी नहीं…” आणखी वीस पावलं. एकदम त्यांनी हात वर केला. उपरणं दगडावर पडत होतं आणि त्याच क्षणी धप्प! पुन्हा पडलं, धप्प! पुन्हा, धप्प! जराही पुढं-मागं नाही.

त्यांनी छत्री खाली केली. लांबवर मावशीनं शेवटचा तडाखा मारला, आणि उपरणं दगडावर तसंच सोडून दोन्ही हात बाजूला करून ती उभी राहिली. काहीच हलत नव्हतं. आणि त्या स्तब्धतेत, कुणीही काहीही न आपटता, एक आवाज आला. धप्प.

“आया!” प्रोफेसर ओरडले. “आया! सुना आपने? वाटेत होता तो!” त्यांनी मित्राला मिठीच मारली, मग मला. टोपी वाळूत पडली. “बीस बरस से पढ़ा रहा हूँ, मियाँ, आज पहिल्यांदा ऐकतोय!” मित्र नाचायला लागला. मीही नाचलो. चौघांतला एकच माणूस शहाण्यासारखा उभा होता, तो म्हणजे मावशी.

सुतळीनं अंतर भरलं ४६२ गज. वाळूवर बसून मी छत्रीच्या टोकानं हिशेब मांडला. ११५५ फूट. मग पुस्तकातल्या नियमानं: बर्फ बत्तीस अंशांवर, त्यापेक्षा पासष्ट अंश जास्त, दर अंशाला एक फूट आणि थोडं वर, म्हणजे एकाहत्तर-एक फूट वाढ. १०९० मध्ये मिळवले तर ११६१. पहिल्या पाच दिवसांचे माझे खरे आकडे ११६० देत होते! मी दुकानाच्या गजानं आणि सुतळीनं आवाज धरला होता आणि घाबरून सोडून दिला होता.

“आज सहा फूट कमी आलेत, साहेब,” मी म्हणालो.

“ते असू द्या. ते आपल्या तिघांचे आहेत. खोडायचे नाहीत.”

वहीतला खोटा तक्ता फाडायला मी हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. “फाडायचं नाही. एक तिरकी रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारच्या पानावर आजचं लिहा.” मी तिथंच रेघ मारली. ती अजून त्या वहीत आहे, वाळूच्या कणांनी खरखरीत झालेली.

दुपारच्या गाडीनं ते परत गेले. ओलं उपरणं खांद्यावर टाकून, खिडकीतून हात काढून ते मित्राला विहिरीच्या सात फुटांबद्दल काहीतरी सांगत होते. गाडी हलली तरी सांगणं चालूच. मित्र फलाटावर शेजारून पळत “जी, जी” करत होता. गाडी गेल्यावर धापा टाकत परत आला आणि म्हणाला, “लंबकाचा दोरा आखूड होता माझा. झोके जास्त भरले. आता जाऊन पुन्हा मोजतो.” त्याला उद्यापर्यंतसुद्धा दम नव्हता. त्याच सांजेच्या आत मिळेल ते वाहन धरून तो ताडकळसला निघून गेला.

मृगाच्या सुमारास गुण कळले. मित्राला वीसपैकी सतरा, मला तेरा. कमी का मिळाले हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण वाईटही वाटलं नाही. पुढं मी परभणीच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागलो आणि निजामाचं राज्य गेल्यावर मराठीतून शिकवायची वेळ आली, तेव्हा एकेका शब्दासाठी अडलो. तेव्हाही मुलांना नदीवर नेलं की शब्दांवाचून काम भागत असे.

गुण कळले त्या दिवशी मी मावशीला सांगायला घाटावर गेलो. पाणी वाढलं होतं, तिनं दगड वर सरकवून घेतला होता.

“मावशी, पास झालो. तेरा गुण मिळाले.”

“किती पैकी?”

“वीस.”

तिनं पिळलेलं लुगडं झटकलं, माझ्या तोंडावर पाणी उडालं. “अन् माझे किती?”

“तुमचे वीसपैकी वीस, मावशी.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली आणि पुढचा कपडा उचलला.